मंगळवारची तालीम : नागपूरहून गेलेल्या एका पाळकाची केस

केस सांगायला साधी आहे. मोठं दुकान, कपडे, भांडी, खेळणी, सगळं एका छताखाली. एक बाई दोन पोरांना घेऊन आत जाते, खरेदी करते, गल्ल्यावर पैसे देते, आणि तिचे पैसे कोणी परत करत नाही. त्याच दुकानात दहा पावलांवर एक लांबलचक काउंटर आहे, पुढे गोल फिरणारी स्टुलं, तिथे सँडविच मिळतं, कॉफी मिळते, पोरं तिथे हट्ट धरून बसतात. आणि तिथे ती बसू शकत नाही, कारण ती काळी आहे. पाय मोडून आले तरी उभंच राहायचं, पोराला लघवीला लागली तरी दाबून धर म्हणायचं, आणि का, ते त्या पाच वर्षांच्या जिवाला समजावून सांगायचं. आपल्याकडची हॉटेलातली वेगळी कपबशी ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलीय त्यांना मी हे काय वेगळं सांगणार, इथे फक्त वेगळी कपबशीसुद्धा नव्हती.

शहर नॅशव्हिल, अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची राजधानी. साल १९५९. हे शहर स्वतःला दक्षिणेचं अथेन्स म्हणवून घ्यायचं, कॉलेजं भरपूर, काळ्यांची चार तर एकाच शहरात, फिस्क युनिव्हर्सिटी, मेहॅरी मेडिकल कॉलेज, टेनेसी ए अँड आय आणि अमेरिकन बॅप्टिस्ट सेमिनरी. काळे लोक मतदान करायचे, नगरसेवक काळे होते, पोलिसातही होते थोडे, त्यामुळे गोऱ्या पुढाऱ्यांना मनापासून वाटायचं की आपल्याकडे सगळं कसं समजुतीने चाललंय. आणि काउंटर बंद ते बंदच.

१० मे १९६० ला ती काउंटरं उघडली. ती कशी उघडली हा या केसचा विषय, आणि मी ती लिहायला घेतली त्याचं कारण असं की ती उघडण्याची तयारी ज्याने करून घेतली तो माणूस चार वर्षं आधी आपल्या नागपुरात, सिव्हिल लाइन्सला हिस्लॉप कॉलेजमध्ये पोरांना खेळ शिकवत होता. मी त्या गेटसमोरून किती वेळा गेलोय त्याला गणती नाही, आणि हे मला कळलं वयाच्या चाळिशीत. असो.

जेम्स लॉसन. मेथडिस्ट चर्चचा पाळक. (मराठी ख्रिस्ती लोक पास्टरला पाळक म्हणतात, मला तोच शब्द आवडतो, पाद्री म्हटलं की उगाच दाढीवाला गोरा साहेब डोळ्यासमोर येतो.) जन्म १९२८ चा, पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउनचा, वाढला ओहायोतल्या मॅसिलनमध्ये, बाप पाळक, आजाही पाळक. केसच्या वेळी तो जेमतेम तिशी ओलांडलेला होता म्हणून मी इथे 'तो' म्हणतोय, राग मानू नका, पुढे 'ते' येईलच.

लहानपणची एक गोष्ट तो म्हातारपणापर्यंत सांगायचा. आईने कामाला पाठवलं होतं, रस्त्यात गाडीत बसलेल्या एका गोऱ्या पोराने त्याला जातिवाचक म्हणावी तशी शिवी हासडली, याने जाऊन खिडकीतून त्याच्या कानाखाली वाजवली आणि घरी येऊन आईला मोठ्या ऐटीत सांगितलं. आई स्वयंपाकाला लागली होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही, एवढंच विचारलं की जिमी, त्याने काय साधलं? बस. मार नाही, भाषण नाही. माझ्या मते पुढची सगळी केस त्या प्रश्नातच आहे, पण ते नंतर.

कॉलेजात असताना कोरियाचं युद्ध सुरू झालं, सक्तीच्या भरतीला याने नकार दिला. विद्यार्थी म्हणून किंवा होणारा पाळक म्हणून सूट मिळाली असती, अर्ज केला की झालं, पण याचं म्हणणं की सूट मागणं म्हणजे कायदा बरोबर आहे हे मान्य करणं. तीन वर्षांची शिक्षा झाली, तेरा महिने आत काढले, मग चर्चने हमी घेतली आणि १९५३ मध्ये मिशनरी म्हणून भारतात, नागपुरात पाठवलं. तेव्हाचं नागपूर म्हणजे मध्य प्रांताची म्हणजे मध्य प्रदेशची राजधानी, महाराष्ट्रात यायचं होतं अजून. गांधींना जाऊन पाच वर्षं झालेली, सेवाग्राम पाऊणशे किलोमीटरवर, गांधींबरोबर तुरुंगात गेलेली माणसं हिंडती फिरती होती, त्यांना हा भेटायचा, विचारायचा. आता बघा, मिशनरी यायचे ते इथल्यांना शिकवायला, हा उलटा इथून शिकून गेला, आणि शिकला ते भजन-प्रार्थना नव्हे, तर सत्याग्रह नेमका चालवतात कसा, कोण कुठे उभं राहतं, आधी काय करायचं, नंतर काय.

डिसेंबर १९५५ मध्ये नागपूर टाइम्समध्ये बातमी आली की मॉन्टगोमेरी नावाच्या गावात काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकलाय आणि पुढारी कोण तर मार्टिन ल्यूथर किंग नावाचा पोरसवदा पाळक. लॉसनने टाळ्या पिटल्या, उड्या मारल्या, शेजारच्या खोलीतला सहकारी धावत आला काय झालं बघायला. याच्या डोक्यात जे कितीतरी वर्षं घोळत होतं ते तिकडे कोणीतरी सुरू केलं होतं. १९५६ मध्ये तो परत गेला. (त्याच ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. थोडक्यात चुकामूक. या दोघांची भेट झाली असती तर लॉसनला गांधींच्या पलीकडचं बरंच ऐकायला मिळालं असतं असं मला वाटत राहतं, पण ते माझं वाटणं.)

फेब्रुवारी १९५७, ओबर्लिन कॉलेज. किंग भाषणाला आले होते, जेवणाच्या टेबलावर दोघे समोरासमोर, दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. लॉसन म्हणाला मला शिक्षण पुरं करून मग दक्षिणेत यायचंय, किंग म्हणाले थांबू नकोस, आत्ता ये, तुझ्यासारखा माणूस आमच्याकडे नाहीये. मग हा आला, फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन या संघटनेचा कार्यकर्ता म्हणून नॅशव्हिलला, आणि व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या धर्मशास्त्र विभागात नावही घातलं.

इथपर्यंत प्रस्तावना. आता केस.

नॅशव्हिलमध्ये फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पाळक होते केली मिलर स्मिथ, त्यांनी गावातल्या काळ्या पाळकांची एक परिषद उभी केली होती. लॉसन त्यांच्यात सामील झाला. आणि पहिली गोष्ट काय केली तर लोकांना विचारलं, तुम्हाला सर्वात जास्त काय बोचतं? हे फार महत्त्वाचं आहे हो, कारण आपण बहुतेक वेळा मुद्दा आधी ठरवून लोकांना गोळा करतो. शाळा, बस, नोकऱ्या, यादी लांब होती. पण बायका उठून बोलायला लागल्या, आया, आणि त्या बोलल्या वरच्या त्या दुकानाबद्दल. पुरुषांना ते फारसं जाणवतच नव्हतं, कारण पोरांना घेऊन बाजारात जाणाऱ्या त्या होत्या. काउंटर हा मुद्दा कुठल्याही पुढाऱ्याने काढलेला नाही, तो आयांनी काढला.

मग क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी शिबिर सुरू झालं. शिबिर म्हणायचं की तालीम म्हणायचं? मराठीत तालीम म्हणजे नाटकाची पण आणि पैलवानांची पण, आणि इथे दोन्ही अर्थ लागू होतात, म्हणून मी तालीमच म्हणतो.

आधी आधी पाचदहा पोरं यायची. जॉन लुईस, अलाबामातल्या शेतकऱ्याचा पोरगा, सेमिनरीत शिकत होता. बर्नार्ड लाफायेत. जेम्स बेवेल. डायेन नॅश, शिकागोची, फिस्कमध्ये शिकणारी, तिने दक्षिणेत आल्यावर पहिल्यांदा जत्रेत 'गोऱ्या बायका' 'काळ्या बायका' अशा संडासाच्या पाट्या बघितल्या आणि डोकं फिरलं. नॅशचं मत सुरुवातीला स्वच्छ होतं, हे अहिंसा वगैरे काही चालणार नाही, पण गावात दुसरं कोणी काही करतच नव्हतं म्हणून ती येत राहिली. मला ही बाई त्यामुळेच आवडते.

तालमीत काय चालायचं? आधी बोलणं, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं 'दुसरा गाल पुढे कर', गांधी, थोरो, चिनी तत्त्वज्ञान, तासन्‌तास. लॉसनचा आवाज म्हणे अगदी हळू, वर्गातल्या मास्तरासारखा, कोणाला पेटवायचं वगैरे नाहीच. आणि मग खुर्च्या मांडायच्या. एका ओळीत मांडलेल्या खुर्च्या म्हणजे काउंटर. निम्मी पोरं त्यांवर बसायची, निम्मी गोरे गुंड व्हायची. गुंडांनी खरोखर शिव्या द्यायच्या, हातचं राखून नाही. तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, केस ओढायचे, कॉफी ओतायची, खुर्ची मागून खेचायची. बसलेल्याने ताठ बसायचं. पडला तर मुटकुळं करून पडायचं, डोकं हातांत झाकायचं, पोट आत, आणि जमलं तर मारणाऱ्याच्या डोळ्यात बघत राहायचं, कारण डोळ्यात बघणाऱ्या माणसाला मारणं जड जातं. शेजारच्याला फार मार पडत असेल तर आपण मध्ये घुसून आपलं अंग पुढे करायचं, म्हणजे मार वाटला जातो. मग अदलाबदल. आता तू गुंड हो, मी बसतो. आणि शेवटी बसून चर्चा, तुला राग कधी आला, कुठल्या शब्दाला आला, हात उचलावा असं नेमकं कधी वाटलं.

ही अदलाबदल मला सर्वात हुशार वाटते. शिवी देणारा आतून किती घाबरलेला असतो ते गुंडाचं काम केल्याशिवाय कळत नाही.

आमचा एक अनुभव सांगतो, पाणीपट्टीवरून धरणं होतं, आम्ही साठसत्तर जण, बॅनर छापलेले, माईक, चहा, सगळी सोय. समोरून कोणीतरी एक घाणेरडी शिवी दिली आणि आमच्यातला एक उठला. पुढचे दोन तास मारामारी, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मारामारी, पाणीपट्टी गेली नळाच्या पाण्यासोबत. त्या पोराला आम्ही नंतर खूप बोललो. पण शिवी येणार हे आम्हाला माहीत होतं ना? मग ती आली की काय करायचं हे आम्ही त्याला कधी शिकवलं होतं? बॅनरचा फॉन्ट ठरवायला तीन मीटिंगा झाल्या होत्या.

तर. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये चाचणी घेतली, आधी हार्वीज, मग केन-स्लोन, दोन्ही मोठी दुकानं. चारदोन जणांनी जायचं, काहीतरी विकत घ्यायचं, मग काउंटरवर बसायचं, नाही म्हटलं की मॅनेजरशी नीट बोलायचं, कारण विचारायचं आणि निघून यायचं. भांडण नाही, हट्ट नाही. नुसती नोंद, की हो, नकार देतात, असा देतात, या शब्दांत देतात. मोठी कृती नाताळच्या सुट्टीनंतर ठरली होती.

आणि मध्येच १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार पोरं वूलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसली. तयारी नॅशव्हिलची, नाव ग्रीन्सबरोचं. लॉसनला तिकडच्या एका पाळकमित्राचा फोन आला की तुम्हीही काहीतरी करा. इकडे तळघरात एकदम शेकडो पोरं यायला लागली, आणि म्हातारे पाळक म्हणायला लागले जरा थांबा, जामिनाला पैसे कुठेत, परिषदेच्या तिजोरीत शंभर डॉलरसुद्धा नव्हते. पोरं थांबली नाहीत. लॉसनला मनातून थोडं थांबायचं होतं असं दिसतं, पण निर्णय पोरांच्या समितीचा होता, अध्यक्षही आळीपाळीने बदलायचा, म्हणजे एकाला उचललं की आंदोलन बसलं असं होऊ नये. त्याने रात्रीतून नवीन पोरांना जेवढं शिकवता येईल तेवढं शिकवलं.

१३ फेब्रुवारी, शनिवार, बाहेर बर्फ. १२४ पोरंपोरी चर्चमधून दोनदोनच्या रांगेत निघाली, अंगावर रविवारचे चर्चचे कपडे, सूट, टाय, हातात अभ्यासाची पुस्तकं. वूलवर्थ, क्रेस आणि मॅक्लेलन या तीन दुकानांत गेली, छोटीमोठी खरेदी केली आणि काउंटरवर बसली. काय झालं? काहीच नाही. दुकानांनी काउंटर बंद केली, दिवे घालवले, ही मंडळी अंधुक उजेडात अभ्यास करत बसली. वेट्रेस बायका एवढ्या भेदरल्या होत्या की त्यांच्या हातून बशा पडत होत्या, एक पडली, दुसरी पडली, नॅश नंतर सांगायची की आम्हाला हसू आवरेना. पुढे लुईस आणि लाफायेतने जे नियम टाईप करून वाटले त्यात एक नियम आहे, मोठ्याने हसू नका. मला खात्री आहे तो नियम त्या बशांवरूनच आलाय. बाकीचे पण असेच जमिनीवरचे, उलट मारू नका, शिवी देऊ नका, परवानगीशिवाय जागा सोडू नका, दुकानाचं दार अडवू नका, ताठ बसा आणि तोंड कायम काउंटरकडे ठेवा. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची आठवण ठेवा. या यादीत क्रांती हा शब्दच नाही.

दोन आठवडे असंच गेलं. मग २७ फेब्रुवारी. आदल्या दिवशीच निरोप आला होता की उद्या पोलीस बाजूला होणार आणि गुंडांना मोकळं सोडणार. जायचं का? गेली. गुंडांनी स्टुलांवरून खाली ओढलं, लाथा घातल्या, पेटत्या सिगारेटी पाठीला लावल्या. पोलीस आले, त्यांनी ८१ विद्यार्थ्यांना अटक केली, मारणाऱ्यांपैकी एकालाही नाही. पण एक गोष्ट पोलिसांच्या हिशेबात नव्हती. पहिल्या खेपेला उचलून गाडीत घातलं तोवर दुसरी तुकडी येऊन त्याच स्टुलांवर बसलेली, ती उचलली तर तिसरी. मंगळवारी हेच शिकवलेलं, आपण उठलो की जागा रिकामी राहता कामा नये.

याच दिवसांतला एक प्रसंग. रस्त्यावर गोऱ्या पोरांचं टोळकं आंदोलनातल्या एकाला मारत होतं, लॉसन तिथे गेला, त्यांचा म्होरक्या काळ्या लेदर जॅकेटमध्ये, तो लॉसनच्या तोंडावर थुंकला. लॉसनने त्याच्याकडे बघितलं आणि रुमाल आहे का विचारलं. तो एवढा गोंधळला की त्याने खिशातून रुमाल काढून दिलासुद्धा. लॉसनने तोंड पुसलं, रुमाल परत केला, आणि विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे की गाडी? मोटरसायकल. मग त्यात काय काय बदल केलेस, वगैरे. आणि तो थुंकणारा सांगायला लागला. रस्त्यात उभे राहून दोघे मोटरसायकलवर बोलताहेत आणि तेवढ्या वेळात ज्याला मार पडत होता तो सुटला.

याला कोणी संतपण म्हणेल. मला ते कोचचं काम वाटतं. रुमाल मागण्यामागे आईचा तोच प्रश्न आहे, कानाखाली वाजवून काय साधेल? आणि वाजवायची नाही तर मग दुसरं काय करायचं, याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं, सरावातलं होतं. प्रसंगी सुचलेलं वाटतं, पण मला नाही वाटत तसं.

त्यानंतर व्हँडरबिल्टने त्याला काढून टाकलं. नॅशव्हिल बॅनर नावाच्या पेपरने झोड उठवली होती की हा पाळक पोरांना कायदा मोडायला शिकवतो, आणि त्या पेपरचे मालक जेम्स स्टाहलमन युनिव्हर्सिटीच्या विश्वस्त मंडळावर होते, मग व्हायचं ते झालं. ३ मार्चला निर्णय, पदवीला काही महिने राहिलेले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला चर्चमधून अटक केली. पण धर्मशास्त्र विभागाच्या डीनसकट बऱ्याच प्राध्यापकांनी राजीनामे दिले, देशभर बोभाटा झाला, शेवटी युनिव्हर्सिटी तडजोडीला आली, तोवर हा बॉस्टनला जाऊन पदवी घेऊन मोकळा झाला. शेचाळीस वर्षांनी याच व्हँडरबिल्टने त्याला पाहुणा प्राध्यापक म्हणून बोलावलं आणि तो गेला. मी गेलो नसतो.

कोर्टात प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला. पोरांनी दंड भरला नाही, तुरुंग पत्करला. त्यांचा वकील झेड अलेक्झांडर लूबी, काळे नगरसेवक, साठीचे, शांत माणूस. ते बोलत असताना न्यायाधीशाने खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली होती.

आता जो भाग बहुतेक गोष्टींमध्ये दोन ओळींत उरकतात तो. दुकानांचं मन काही पोरांच्या ताठ बसण्याने बदललं नाही. बदललं ते ईस्टरमुळे. अमेरिकेत ईस्टर म्हणजे आपल्याकडची दिवाळी समजा, प्रत्येकाला नवे कपडे, पोरींना हॅट, बूट. चर्चांमधून निरोप फिरला की यंदा डाउनटाउनमध्ये काही घ्यायचं नाही, जुनेच कपडे घालून ईस्टर करायचा. हा निरोप पाळायचा कोणी होता? त्याच आयांनी, ज्यांनी मुद्दा काढला होता. काळे गिऱ्हाईक थांबलं, आणि भानगड नको म्हणून गोरं गिऱ्हाईकही डाउनटाउनला फिरकेना. आता दुकानदार बोलायला लागले. महापौर बेन वेस्ट यांच्या समितीने तोडगा काढला की काउंटरचा अर्धा भाग गोऱ्यांना आणि अर्धा सगळ्यांना, तीन महिने करून बघू. म्हणजे परत वेगळी कपबशीच. पोरांनी झिडकारला.

१९ एप्रिल, पहाटे साडेपाच. लूबींच्या घरावर डायनामाइट टाकलं. घराची पुढची बाजू उडाली, समोरच्या मेहॅरी कॉलेजच्या शंभरावर खिडक्या फुटल्या. लूबी आणि त्यांची बायको मागच्या खोलीत झोपले होते म्हणून वाचले. त्या दिवशी दुपारपर्यंत तीन-चार हजार लोक रस्त्यावर, सिटी हॉलकडे. अशा दिवशी जमाव काय करतो ते आपल्याला माहीत आहे. हा जमाव तीनतीनच्या रांगेत चालला, कोणी एक शब्द बोललं नाही, नुसता बुटांचा आवाज.

पायऱ्यांवर महापौर आले. आधी पाळक सी. टी. व्हिव्हियन यांनी कडक निवेदन वाचलं, महापौरांशी त्यांची बोलाचाली झाली, वातावरण तापलं, महापौर बचावाला आले. आणि मग नॅश पुढे झाली. तिने आवाज चढवला नाही. विचारलं की केवळ कातडीच्या रंगावरून माणसाला वेगळं वागवणं चूक आहे असं तुम्हाला माणूस म्हणून वाटतं का? महापौर म्हणाले की हो, दुकानात माल विकायचा आणि काउंटरवर बसू द्यायचं नाही हे मला नैतिकदृष्ट्या पटत नाही. ती म्हणाली, मग काउंटरवरचा भेद काढावा अशी तुमची शिफारस आहे का? हो. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच मथळा. दुकानदारांना कारण मिळालं, आम्ही काय करणार महापौरच म्हणाले. तीन आठवड्यांनी सहा दुकानांची काउंटरं उघडली, तीही गाजावाजा न करता, आधी ठरवून, दुपारच्या वेळी दोनतीन काळी गिऱ्हाइकं गेली, बसली, खाल्लं, पैसे दिले, निघाली.

आता हिशेब नीट मांडायचा तर फक्त सहा दुकानं उघडली. बाकी हॉटेलं, सिनेमा थिएटरं यांसाठी पुढची तीन-चार वर्षं तीच पोरं परत परत बसली, अशा ठिकाणी वंशभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत. आणि या सगळ्याचं श्रेय लॉसनला एकट्याला दिलं तर ते चुकीचं ठरेल, केली मिलर स्मिथ नसते तर चर्च मिळालं नसतं, आया नसत्या तर मुद्दाही नव्हता आणि बहिष्कारही नाही. पण एप्रिलच्या त्या दिवशी, घर उडाल्यावर, हजारो माणसं चिडीचूप चालली, ही गोष्ट कुठून आली असं विचारलं तर मी तळघराकडे बोट दाखवेन. सगळे त्या तळघरात बसले नव्हते, पण जे बसले होते ते रांगेच्या पुढे आणि कडेने चालत होते.

माझं हे म्हणणं उगाच नाही, कारण याच माणसाच्या आयुष्यात याची उलटी केस पण आहे. मेम्फिस, १९६८. आता 'ते' म्हणतो, चाळिशीला टेकलेले, सेंटेनरी मेथडिस्ट चर्चचे पाळक. १ फेब्रुवारीला कचऱ्याच्या गाडीत पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, गाडीचं दाबयंत्र सुरू होऊन आत चिरडले गेले. १२ तारखेला सुमारे १३०० कामगार संपावर, सगळे काळे. महापौर हेन्री लोब युनियन मानायलाच तयार नाहीत. लॉसन संपाच्या पाठिंब्याला उभ्या राहिलेल्या समितीचे प्रमुख झाले, आणि आमच्याकडे या म्हणून त्यांनीच किंगना बोलावलं.

२८ मार्चचा मोर्चा. किंगचं विमान उशिरा आलं, लोक सकाळपासून ताटकळत, शाळेची पोरं वर्ग बुडवून आलेली, अनोळखी, चिडलेली. हातातल्या पाट्यांना काठ्या होत्या. मोर्चा बील स्ट्रीटवर आला आणि मागून काचा फुटल्याचा आवाज. पाट्या गेल्या, काठ्या राहिल्या. लॉसन हातात कर्णा घेऊन ओरडत होते, मागे फिरा, चर्चकडे परत चला. किंगना त्यांनी तिथून काढून दिलं. अश्रुधूर, लाठ्या, लॅरी पेन नावाचा १६ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. शिकवणारा माणूस तोच होता, चर्च होतं, मुद्दा तर कितीतरी जास्त जळजळीत होता. मंगळवार नव्हते. हजारो लोकांना चार दिवसांत कोण आणि कधी तालीम देणार?

मोर्चा बिघडला म्हणून, शांततेत काढून दाखवायचा म्हणून किंग परत आले, आणि ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या बाल्कनीत त्यांना गोळी लागली, त्यातच ते गेले. ज्याने आमंत्रण दिलं त्याला हे आयुष्यभर बरोबर घेऊन जगायचं होतं. त्या रात्री लॉसन रेडिओवरून लोकांना शांत राहायला सांगत होते. आणि चार दिवसांनी, ८ एप्रिलला, तोच मोर्चा निघाला, पुढे किंग यांच्या पत्नी कोरेटा, मागे सुमारे ४२ हजार माणसं. या वेळी स्वयंसेवक आधी तयार करून घेतले होते, रांगा आखलेल्या, कोणी घोषणा दिली नाही, एक काच फुटली नाही. १६ एप्रिलला संप मिटला, युनियनला मान्यता आणि पगारवाढ.

पुढे लॉसन लॉस एंजेलिसला होलमन चर्चचे पाळक झाले, १९९९ पर्यंत. तिथे हॉटेलातल्या खोल्या झाडणाऱ्या, पलंगपोस बदलणाऱ्या बायकांची युनियन, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या, त्यांना ते अहिंसक लढा कसा चालवायचा ते शिकवायचे, निवृत्तीनंतरही, पार नव्वदी गाठेपर्यंत. जून २०२४ मध्ये ते गेले, ९५ वर्षांचे होऊन. मला वाटतं त्या बायकांनाही त्यांनी पहिल्या दिवशी तेच विचारलं असणार, तुम्हाला सर्वात जास्त काय बोचतं.